रेडिएटरातली हळद

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. यंदाच्या खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी, सकाळी साडेनऊ वाजता, जुन्या गाड्यांचा मेळावा भरला होता त्या मैदानावर, भरगच्च गर्दीदेखत.

माझे वडील, त्यांना मी आबा म्हणते, मंगळवार पेठेत रेडिएटरची कामं करतात, अख्ख्या पेठेत ते एकटेच. माझ्या जन्माआधीपासून करतात. त्या सकाळी रांगेतल्या एका लाल, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्‌स गाडीतून भसाभस वाफ निघाली आणि तिच्या मालकानं निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला. "मंगळवार पेठेतल्या एका मिस्त्रीकडं दोन दिवस दिलती. घाण केली बगा गाडीची. पावणं, गाडी जुनी असावी, मिस्त्री जुना नसावा!"

लोक खदाखदा हसले. मागून कुणीतरी "नाद खुळा!" म्हणून ओरडलं. आबा तिथून दहा पावलांवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी इथवर धड पोचते की नाही या काळजीनं बघायला आले होते. मी शेजारीच होते. ते मला एवढंच म्हणाले, "चल, चहा घेऊ."

आता खरं काय घडलं ते सांगते, कारण माईक माझ्याकडं नव्हता.

मालकांचं कागलकडं हायवेला फरशीचं मोठं दुकान आहे. गाडी परदेशी बनावटीची, कुणा हौशी माणसाकडून घेतलेली. ती चालवतात किती? पाडव्याला, दसऱ्याला आणि पुतण्याच्या वरातीत. बाकी वर्षभर तिच्यापुढं उभं राहून फोटो काढणं, हाच त्यांचा मोटारींचा अभ्यास. त्या गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी व्हायचं. पण जमिनीवर थेंब दिसायचा नाही. दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन उघडायला सांगितलं होतं. मग ती आबांकडं आली.

आबांनी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. गाडी पूर्ण गार होऊ दिली. मालकांना ते आळशीपणाचं वाटलं. "मिस्त्री, नुसतं बघत काय बसलासा?" दुसऱ्या दिवशी आबांनी रेडिएटरचं झाकण काढून त्या जागी हातपंप बसवला आणि दाब भरला. पंपावरचा दाबाचा काटा खाली सरकायला लागला, इतका सावकाश की मला कळेनाच. आबांना कळलं. त्या गाडीचं इंजिन सीटांच्या मागं, रेडिएटर पार नाकापाशी, आणि मधे पोटाखालून जाणाऱ्या दोन लांब लोखंडी नळ्या. पाणी पुढं जातं, गार होतं, मागं येतं. आबा हातात आरसा नि बॅटरी घेऊन खाली सरकले. एका नळीवर वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर होता आणि थराखाली चेपल्याची खूण. कुणीतरी जॅक लावायची जागा सोडून नळीलाच जॅक लावून गाडी उचलली होती. तिथं चीर पडली होती. गरम झाली की उघडायची, गार झाली की जवळजवळ मिटायची. थेंब पडायचा तो चालत्या गाडीतनं, रस्त्यावर.

"टायर कुणी बदलला हो?" आबांनी खालूनच विचारलं.

"मीच. घरी. का?"

"काय न्हाय." आबा बाहेर आले. "नळी नवी करून घालतो. तोवर गाडी चालवू नगासा."

"रविवारी मेळावा हाय मिस्त्री."

"मग टेंपोवर घालून न्या."

"टेंपोवर? स्पोर्ट्‌स गाडी? लोकं काय म्हणतील!"

आणि गाडी तशीच घेऊन गेले. आबांनी एक पाना लावला नव्हता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर तो रविवार उगवला.

सोमवारी सकाळी बारा-पंधरा वर्षं आमच्याकडं येणारा रिक्षावाला दारात आला आणि हसत म्हणाला, "मिस्त्री, आमच्या रिक्षाची घाण करू नगासा हं." गंमत होती. मंगळवारी शाळेच्या व्हॅनवाल्यानं कामाला टाकलेला रेडिएटर परत नेला. ती गंमत नव्हती. आबांकडं पाटी नाही, जाहिरात नाही. "त्यांच्याकडं जा, बरोबर सांगतात," एवढं एका माणसानं दुसऱ्याला म्हणायचं, त्यावर आमचं घर चालतं. ते वाक्य त्या माणसानं माईकवरून एका दमात मोडलं.

गुरुवारी गाडी आली. टेंपोवर! दुसरं कुणी तिला हात लावायला तयार नव्हतं. सोबत मालक आणि त्यांचा एक दोस्त.

मी आबांना आत बोलावलं. म्हटलं, "हात लावू नका. आधी माफी मागायला लावा."

"गाडीनं काय केलंय गं?" म्हणाले आणि बाहेर गेले.

रेडिएटरचा खालचा पाईप सोडला तर पाणी आलंच नाही. आधी पिवळट-तांबूस चिखल आला, लापशीसारखा. कूलंटच्या गोडसर वासामागं आणखी एक वास होता. मी मालकांकडं बघितलं.

"गंज हाय," मालक लगेच बोलले. "जुन्या गाडीला असतोय. तुम्ही नळी हलवलासा, तवाच सुटला असणार."

दोस्त समोरच्या घराच्या कौलांकडं बघत होता.

आबा वाद घालत नाहीत. माझा त्यावर राग आहे, पण ते घालत नाहीत. त्यांनी जुन्या पांढऱ्या बनियनच्या फडक्यानं तो चिखल पुसला, मोरीवरची कपडे धुवायची साबणाची वडी आणली, ओल्या डागावर चोळली. डाग लालभडक झाला. फडकं मालकांसमोर धरलं.

साबण लावल्यानं गंज लाल होत नाही. हळद होते. आमटी सांडलेला सदरा ज्यानं आयुष्यात एकदा स्वतः धुतलाय त्याला हे ठाऊक असतं. मालकांना ठाऊक नव्हतं.

"मी दोन चमचं म्हणलो होतो की!" दोस्ताच्या तोंडून निसटलं. "ह्यानं अख्खा पुडा वतला!"

"तू गप की रं!"

हा उपाय त्यांच्या डोक्यातून निघालेला नाही. आजऱ्याच्या वाटेवर ट्रकचा रेडिएटर गळायला लागला तर जुने ड्रायव्हर चिमूटभर हळद टाकायचे. ती फुगून बारीक भोक बुजवायची, गाडी गावापर्यंत पोचायची. ते त्या जागी शहाणपण होतं. या महाशयांनी मेळाव्याआधी गल्लीत, निवांत, अख्खा पुडा ओतला. चीर सोडून बाकी सगळं बुजलं आणि गाडी तापली. मग माईक घेतला.

आबांनी रेडिएटर काढून पाणी उलट्या दिशेनं सोडून सोडून धुतला, पाणी अडवणारी-सोडणारी बारीक झडप बदलली, नळी नवी वाकवून आणून बसवली. गाडीचं नाक उंच करून आत अडकलेली हवा काढली. पुन्हा पंप लावला. आम्ही चहा केला, प्यालो, कप धुतले. काटा जागचा हलला नाही.

मालक शनिवारी न्यायला आले. "मिस्त्री, मनाला लावून घिऊ नगासा."

मी म्हटलं, "जिथं बोललात तिथं जाऊन सांगा. नाहीतर तुमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर तरी लिहा."

"अगं पोरी, गमतीत बोललो. एवढं काय त्यात?" गाडीत बसले आणि गेले. चालवत गेले, माझ्या वडिलांनी चालती केलेली गाडी.

त्यांनी आजवर कुठं काही सांगितलेलं नाही. मी पत्रक लिहिलं होतं. आबांनी ते गॅरेजच्या दाराला लावू दिलं नाही. "लोकांना कळतंय की," म्हणाले. नाही कळत, आबा. व्हॅनवाला अजून आलेला नाही.

म्हणून मालकांचा नाद मी सोडलाय. फोटोपलीकडं ज्याला गाडी दिसत नाही त्याला फडकं तरी काय दिसणार? मी तुमच्याशी बोलतेय. तुम्ही त्या मैदानावर होता, किंवा नव्हता, पण तो विनोद तुम्ही कट्ट्यावर सांगितलात, पुढं पाठवलात. मंगळवार पेठेत तो आता लहान पोरं म्हणतात. ज्याला ज्याला सांगितलात त्याला आज फोन लावा आणि सांगा, की मिस्त्रीनं गळती बरोबर ओळखली होती, हळद मालकानं ओतली. उद्या नको. आजच लावा.