रजेची मिठाई

माझे भावोजी, कुवाबारा कात्सुहिको, नागाओकातल्या पंपांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात होते. माणूस सज्जन, पण रजा घेणं त्यांना गुन्ह्यासारखं वाटायचं. स्वतःच्या लग्नासाठी दोन दिवस घेतले, तर परतल्यावर टेबलाटेबलाशी जाऊन मिठाई वाटली आणि प्रत्येकापुढे वाकून माफी मागितली. तेव्हा सगळेच तसं करत. आपण सुट्टीवर गेलो की आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर पडतं, हे कुणाला शिकवावं लागत नसे.

पुढे दिवस पालटले. नवी पोरं खुशाल ओकिनावाच्या समुद्रकिनारी जातात, फोन बंद ठेवतात आणि उन्हात रापून हसत कामावर येतात. कायदाही बदलला, वर्षाकाठी थोडी रजा घ्यावीच लागते. खात्याच्या तरुण प्रमुख ओगिसोबाईंनी भावोजींना अक्षरशः हाकलून घरी पाठवलं. त्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माझ्या बहिणीला, फुमिएताईला, विचारू लागले, "मी आता काय करू?"

"बसा," ताई म्हणाली.

"कुठे?"

हे मला सांगताना ताई पोट धरधरून हसली. मला मेलीला हसू आलं नाही. स्वतःच्या घरात कुठे बसायचं, हे या माणसाला ठाऊक नव्हतं!

गेल्या शरदात ताईचं जुनं दुखणं हाताबाहेर गेलं. एका सकाळी इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी भावोजींना फोन केला. "सगळं टाकून या. आत्ताच्या आत्ता."

"निघालोच," ते म्हणाले.

निघाले ते मिठाईच्या दुकानाकडे. ओगिसोबाईंनीच हे मला नंतर रडत सांगितलं. डबे घेऊन ते परत कारखान्यात आले आणि एकेका टेबलाशी थांबून वाकू लागले. "अचानक जातोय, तुमच्यावर भार पडणार, माफ करा."

"अहो कुवाबारासान, मिठाई कोण मागतंय तुमच्याकडे? पळा!" ओगिसोबाई ओरडल्या.

"हो, हो. वरचा मजला तेवढा राहिलाय."

पोरं हातात वडी धरून नुसती उभी होती.

इकडे माझे डोळे दाराला लागलेले. ताई शुद्धीवर होती. तोंडावर ऊन येतंय म्हणाली, मी पडदा ओढला. मग तिने विचारलं, "तुझ्या झाडाची काकीची फळं पिकली का गं?" यंदा किती लागलीत, सोलून वाळत कुठे टांगलीत, ते मी सांगत बसले. सांगता सांगताच ती गेली.

भावोजी आले ते घामाघूम होऊन. टाय मात्र सरळ. त्यांना पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते स्टुलावर बसले, ताईचा हात त्यांनी हातात घेतला. तसं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "माझी वाट बघत होती का?"

"नाही," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं. "एकदाही तुमचं नाव काढलं नाही, भावोजी. कामाच्या दिवशी तुम्ही यायचे नाहीत, हे ती केव्हापासूनच धरून चालली होती."

मला वाटलं, आता कोसळतील. कोसळावं असंच मला वाटत होतं. पण त्यांनी हळूहळू मान हलवली.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे माझा तिला त्रास झाला नाही."

त्यांना खरंच हायसं वाटलं होतं. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.