वसतिगृहाच्या अंगणातली गाडी

"या खाटा सुलट्या कोणी घातल्या?"

म्हातारी ओरडून राहिली होती आणि ओरडता ओरडता खाटा उलट्या करून राहिली होती. एकेक खाट लोखंडाची, जबलपूरच्या सदर बाजारातल्या लष्करी लिलावातून आणलेली. ती आत न्यायला आमचे हमाल रडकुंडीला आले होते. ही बाई एका हातानं पाय धरायची आणि तव्यावरची भाकरी उलटावी तशी खाट उलटायची. आवाज तर असा, की मदनमहालाच्या टेकडीवर जो धोंडा दुसऱ्या धोंड्यावर तोल सांभाळून बसलाय, भूकंपातही जो हलला नाही, तो त्या दिवशी बोटभर सरकला. मी मोजायला गेलो नाही, पण मला दिसतं ना.

त्या वसतिगृहाचा अधीक्षक मी. म्हणजे दिवसा गढा भागातल्या सरकारी शाळेत पाचवीचा मास्तर आणि उरलेल्या वेळात अधीक्षक. सरकारनं तेव्हा एक खरंच चांगली गोष्ट केली होती. पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्यांची मुलं आईबापांच्या मागे शाळा सोडून जातात, तर दिवाळीपासून परीक्षेपर्यंत त्यांना इथंच ठेवून घ्यायचं, दोन वेळा जेवू घालायचं. मी त्या खाटांवर पांढऱ्या चादरी अशा ताणल्या होत्या की माशी बसली तर घसरून पडेल.

म्हातारी गाडिया लोहारांची. रस्त्याच्या कडेला गाडी सोडून, भाता लावून विळे-कुऱ्हाडी घडवणारी माणसं. पावसाळाभर त्यांचा डेरा गढ्याच्या बाजाराबाहेर असायचा. तिची नात माझ्या वर्गात होती. त्या पोरीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. डेरा ज्या गावी जाई तिथली शाळा म्हणे, आधीचा दाखला कुठाय? दाखला नाही, मग बस तिसरीत. असं करत करत ती पोर मध्यप्रदेशातल्या निम्म्या शाळांमध्ये तिसरीत बसून आली होती. तिसरीची कविता मास्तर विसरला तर ती मागून पुढची ओळ सांगायची. मग कायदा आला, की दाखला नसला तरी पोराला घ्या आणि वयाप्रमाणे वर्गात बसवा. मी तिला थेट पाचवीत घेतलं आणि दुपारच्या सुटीत चौथीचं गणित पाजलं. आता डेरा निघणार होता. पोर राहिली तर पाचवी पास. गेली तर पुढच्या गावचा मास्तर तिला कुठं बसवेल, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

"अम्मा, खाटेनं तुमचं काय बिघडवलं?" मी विचारलं.

"मास्टर, आमच्या पुरखांनी गड गमावला तेव्हा कसम घेतली. छताखाली झोपायचं नाही. खाट सुलटी घालायची नाही. पाहिलं नाही का, आमच्या गाडीवर खाट कशी असते?"

पाहिलं होतं. रोज सायकलवरून जाताना पाहिलं होतं. गाडीवर खाट नेहमी उलटी, पाय आभाळाकडे. मला वाटायचं, सामान भरायला सोयीचं पडत असेल.

"पण शाळेत ती छताखालीच बसते ना?"

"बसते. झोपत नाही. तुझ्या वर्गात झोपते का?"

मी पोरीकडे पाहिलं. ती दारात उभी राहून चपलेच्या टोकानं माती उकरत होती. रडत नव्हती, पण रडण्याआधी पोरं जसा श्वास धरून ठेवतात तसा तिनं धरला होता.

आमची स्वयंपाकीण मावशी मूळची भंडाऱ्याकडची, स्वभावानं मिरचीकडची. ती पीठ मळता मळता म्हणाली, "गुरुजी, तुम्ही काहून वाद घालून राहिले? छत नको म्हणते, तर अंगण आहे ना. आपल्या भिंतीच्या आत आहे का नाही?"

"आणि थंडी?"

"थंडी तिला नवीन आहे का?"

म्हातारी दोघांचं ऐकत होती. मग फाटकातून निघून गेली. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी पाहतो तर फाटकातून एक गाडी आत येऊन राहिली आहे. पितळी फुल्या ठोकलेली, कोरीव काम केलेली, एका चाकाची धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, निखळलेली. बैल नव्हते. ती म्हातारी आणि तिचे दोन मुलगे ओढत होते. गाडी तिच्या लग्नातली होती.

"दुरुस्तीला वेळ नाही," म्हातारी म्हणाली. "इथंच राहू दे. पोर हिच्यात झोपेल."

त्या चाकाला दुरुस्तीला किती वेळ लागतो हे लोहाराच्या घरात कळत नसेल, असं मला वाटत नाही. पण मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे माझ्या बायकोला आजही खरं वाटत नाही.

डेरा गेला. पोर गाडीत झोपू लागली आणि वसतिगृहात बंड झालं. सगळ्याच पोरींना गाडीत झोपायचं होतं. माझ्या ताणलेल्या चादरींकडे कुणी बघेना. शेवटी पाळ्या लावाव्या लागल्या. जानेवारीत असं गारठलं की पातेल्यातलं वरण चमच्यानं नाही, छिन्नीनं काढावं लागे. मावशी गाडीशेजारी सिगडी घेऊन झोपायची.

आणि नेमका त्याच दिवसांत तपासणीला साहेब आला, सकाळी सातला, मफलरमधून फक्त नाक बाहेर. त्यानं आतला हॉल पाहिला, रिकाम्या खाटा पाहिल्या, मग अंगणात गाडीतल्या अंथरुणाशेजारी दात घासणारी लोहारांची पोरगी पाहिली.

"ही बाहेर झोपते? नियम काय म्हणतो माहीत आहे ना? आत झोपवा, नाहीतर नाव कमी करा."

मी तोंड उघडलं. पूर्वजांचा गड, कसम, शौर्य, सगळं रंगवून सांगणार होतो. दोन लढाया माझ्या पदरच्याही घातल्या असत्या. तेवढ्यात पोरगी चूळ भरून म्हणाली, "साहब, परीक्षा तक रुकना है बस. नाम मत काटिए. मैं तीसरी में फिर नहीं बैठूँगी."

साहेबानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग मावशीला विचारलं, "रात को इसके पास कौन रहता है?"

"मी राहते जी," मावशी म्हणाली. "तिला काही होत नाही. मीच थंडीनं मरून राहिली."

साहेबानं नाव कमी केलं नाही. चहा गाडीच्या दांडीवर बसून प्यायला आणि जाताना म्हणाला, दोन ब्लँकेट पाठवतो. पाठवली. मे महिन्यात आली, पण आली.

पोरगी पाचवी पास झाली. पावसाच्या तोंडावर डेरा परतला आणि म्हातारी फाटकातून आत आली. मी तयारच होतो. तिला सांगितलं की अशी हुशार पोर जबलपूरनं पाहिली नाही, निकाल ऐकून सदरमध्ये बँड वाजणार होता, केवळ बँडवाले लग्नात अडकले म्हणून राहिला, आणि पेपर तपासणाऱ्यानं मला तिचा पत्ता विचारला. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नातीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सहावीची शाळा कुठं आहे?" ती म्हणाली.