रोझरीतली रिकामी जागा

आमच्या घरी संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेचे मणी ओढत म्हणायची प्रार्थना, आयच चालवायची. निर्मळजवळच्या आमच्या वाडीत तिन्हीसांजेला घरोघरी प्रार्थना सुरू व्हायची, पण आयचा आवाज सगळ्यांत खणखणीत. तिच्यातल्या प्रभूच्या प्रार्थनेचा पहिला भाग, देवाच्या इच्छेप्रमाणे होवो इथपर्यंत, ती म्हणायची आणि 'आमची रोजची भाकर आम्हाला दे' इथून पुढचं आम्ही सगळे. बाबा मधेच डुलकी काढायचे, पण भाकर आली की बरोबर जागे व्हायचे.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ घरामागच्या बावखलात बुडाला. केळीच्या बागेला त्याच तळ्याचं पाणी जायचं आणि सुट्टीत हा पठ्ठ्या दिवसभर त्यातच. जेवण वाढलं की आय मागच्या दारातून ओरडायची, "बाहेर ये रं बाळा, पाणी गार हाय." त्या दुपारीही ती ओरडली. तो आला नाही.

मग समजूत घालणाऱ्यांची रीघ लागली. देवाला सुंदर फूल हवं होतं, असं जो तो म्हणे. आमचं घर फुलं खुडून बाजारात धाडणारं; देवालाही तोच धंदा सुचावा याचा मला संताप यायचा.

दफनानंतर पुन्हा रोझरी सुरू झाली. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, असं म्हणायची ओळ आली आणि आय थांबली. आम्ही वाट पाहिली. ती माळ हातात धरून खाली बघत राहिली. शेवटी बाबांनीच भाकरीपासून पुढे सुरुवात केली. दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं, मग रोजच होऊ लागलं.

आत्या बाबांची थोरली बहीण, शेजारीच राहायची. एकदा तिने आयच्या हातातून माळच काढून घेतली. "देवाशी हट्ट बरा नाय. नाय जमत तर मी म्हणते."

आय उठून मागच्या दारात जाऊन बसली. मुलगा तर गेलाच होता, आता प्रार्थनाही गेली.

आत्या तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. तिने आमच्या चर्चच्या फादरांना घरी आणलं. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि माळ परत आयच्या हातात दिली. ती त्याच ओळीशी थांबली. फादरही डोळे मिटून थांबले. बाहेर रहाटाची कुरकुर चालली होती. बऱ्याच वेळाने आयने मान वर केली, तेव्हा त्यांनी भाकर मागितली.

निघताना ते आत्याला म्हणाले, "बाई, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत येशूनंही आधी नकोच म्हटलं होतं. हिला वेळ लागू दे."

वेळ लागला तो लागलाच. आयने ती ओळ पुन्हा कधी म्हटली नाही. आम्हालाही थांबायची सवय झाली. लग्नानंतर माझे यजमान पहिल्यांदा रोझरीला बसले, तेव्हा मधली शांतता बघून त्यांनी बिचाऱ्यांनी घाईघाईने भाकर मागितली. सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा तसं धाडस केलं नाही. आय देवाशी अबोला धरून त्या वेळी गप्प बसते, असंच मी धरून चालले होते.

पुढे दहाएक वर्षांनी आय अंथरुणाला खिळली. तिला माणसं ओळखू येईनात. बाबा तिच्या उशाशी बसून रोझरी म्हणू लागले. आवाज थरथरायचा, पण त्या ओळीशी तेही थांबायचे.

तिच्या शेवटच्या दिवसांतल्या एका संध्याकाळी ते असेच थांबले आणि आयचे ओठ हलले. इतकी वर्षं तिने मनात ठेवलेलं आता तिला आवरेना. मी जवळ वाकले.

"बाहेर ये रं बाळा," ती म्हणत होती, "पाणी गार हाय."

बाबांनीही ते ऐकलं. तिचं हाक मारून होईपर्यंत ते थांबले, आणि मग आम्ही सगळ्यांनी रोजची भाकर मागितली.