लाटीएवढा गोळा
उडदाच्या पिठाचा वास आला की लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. गच्चीवर पापड लाटताना दौलताबादच्या बाजूला आभाळात एक पांढरा गोळा स्थिर दिसला. हात लांब केला, तर पिठाच्या लाटीमागं तो नेमका झाकला गेला. खाली येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "हिला बाहेरचं लागलंय, उद्याच देवऋषीकडं न्या." माझं रडणं ऐकून शेजारचे चाचा आले, काय झालं ते विचारलं अन् घरून जुनी उर्दू तवारीख, म्हणजे शहराची बखर, घेऊन आले. फार पूर्वी एकदा भर दुपारी असाच गोळा साऱ्या शहरानं पाहिला, काय होता ते कळलं नाही, एवढीच त्यात नोंद होती. "तो क्या पूरे शहर को लगा था, भाभी?" त्यांनी विचारलं अन् सासूबाईच हसल्या. तो काय होता, मला अजून माहीत नाही, पण आता माझी सून काही नवल सांगू लागली, की मनात चाचांना सलाम करून मी आधी विचारते, "कोणत्या बाजूला? केवढं?"