हलता कामा नये

बंगळूर हे शहर 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' या तीन शब्दांवर चालतं, आणि त्या शब्दांशी हाडवैर धरून इथेच आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे काका. 'थोडं सांभाळून घ्या' एवढाच त्या शब्दांचा अर्थ. तिघांच्या रिक्षात चौथा कोंबताना रिक्षावाला ते म्हणतो, सुतार दार वाकडं बसवून म्हणतो. काकांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, गेली, त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार, हलणारं आणि न हलणारं. कुणाकडेही गेले की आधी खुर्ची हलवून बघतात, मग बसतात. पुतण्याच्या लग्नात मांडवाचा खांब असा काही हलवला की भटजींनी मंगलाष्टकं आवरती घेतली. मला बघायला आले तेव्हाही खांदा धरून एकदा हलवलं आणि "भक्कम आहे" म्हणाले. पगाराचं विचारायचं राहूनच गेलं.

निवृत्तीनंतर त्यांनी यशवंतपूरच्या भंगारातून एक म्हातारं लेथ आणून गॅरेजमध्ये बसवलं. गाडी बिचारी तेव्हापासून उन्हात. लेथला काम असं काही नव्हतंच, ते नुसतं पुसलं जायचं. मग काकूंचा हात थरथरायला लागला. चमच्यातली आमटी तोंडापर्यंत पोचेना, आणि चारचौघांत जेवायला बसणं त्यांनी बंद केलं. डॉक्टर म्हणाले, जड मुठीचा चमचा द्या, हात जरा स्थिर राहील. त्यांच्या मुलीने तसला ऑनलाइन मागवला. काकांनी मूठ हलवून पाहिली, ती खुळखुळली, चमचा आल्या पावली परत गेला. "मूठ मी करतो," काका म्हणाले, "पोलादाची."

पण लेथच थरथरत होतं. हत्यार पोलादाला टेकलं की किंचाळायचं आणि मुठीवर बारीक लाटा उठायच्या. त्या काकूंच्या तळव्याला टोचायच्या. काकांनी निदान केलं, "जावईबापू, हत्यार आणि मशीन यांच्यात मध्यस्थ फार झालेत. सांधा आला की हलणं आलं." म्हणून हत्याराखालची तिरपं कापायची सरकती बैठक त्यांनी उचलून बाजूला ठेवली आणि तिथे बिडाचा एक सबंध ठोकळा बोल्टांनी आवळला. आता तिरपं कसं कापणार, असं मी विचारलं. "मला चमचा करायचाय, देवळाचा कळस नाही." ते तत्त्व त्यांच्या डोक्यात इतकं भिनलं की सोसायटीच्या सभेतही उठून म्हणाले, मधला सांधा काढा. सेक्रेटरी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

ठोकळा बसला आणि लेथ गप्प झालं. मूठ अशी गुळगुळीत निघाली की काका ती दिवसभर खिशात घालून फिरले. रविवारी काकू कितीतरी महिन्यांनी आमच्यासोबत टेबलाशी बसल्या. पहिला चमचा नीट वर गेला. ओठांपाशी मात्र हलला, आणि आमटी पदरावर सांडली.

काकूंनी काकांकडे चोरून पाहिलं. मला वाटलं, चमचा चालला परत गॅरेजमध्ये. काकांनी पदर पुसला, काकूंच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि हळूच म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

काकूंनी पुन्हा चमचा भरला. जेवण होईपर्यंत काकांनी हात काढला नाही, त्यांची स्वतःची आमटी तशीच निवत राहिली.