निळ्या फुलपाखराच्या काचेवरची वाफ

भूत, आत्मा असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. दुकानात कोणी असं काही सांगू लागलं की मी तोंडावर म्हणायचो – रात्री कमी जेवत जा बे! आता माझ्यावरच सांगायची पाळी आली आहे, तर ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

गोंदियाला लागून कुडव्यात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. बावीस वर्षं मी आणि माझी बायको सुनंदा, दोघांनी मिळून चालवलं. पट्ट्या कापणं, खिळे-चुका ठोकणं माझ्याकडे, काच तिच्याकडे. चित्रावर काच बसवण्याआधी ती आतल्या बाजूला तोंडाने "हाऽ" करून वाफ सोडायची, मग मलमलच्या फडक्याने पुसायची. पाण्याने डाग राहतात म्हणायची. तोंडात कायम लवंग. तिला जाऊन दीड वर्ष झालं... अजूनही काम करता करता "सुनंदा, काच दे" म्हणून मी हात मागे करतो.

यंदा मे महिन्यात नवेगावकडे गेस्ट हाऊस सजवून राहिलेल्या एका मॅडमनी फुलपाखरांची सहा जुनी चित्रं आणली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, आणि छापल्यावर एकेकाला ब्रशने हाताने रंग दिलेला. कागद पिवळट झालेला. एका निळ्या फुलपाखराचा रंग पंखाच्या रेघेबाहेर जरासा गेला होता. असल्या गोष्टी सुनंदाला आधी दिसायच्या, मग हाक मारून मला दाखवायची. हे तिला दाखवता आलं नाही, याचं इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

सहाही काचा कोरड्या फडक्याने पुसून मी फ्रेम बंद केल्या, मागून टेप मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमची गाडी यायची होती. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. माझी मुलगी पल्लवी फ्रेम कागदात गुंडाळत होती. ती म्हणाली, बाबा, निळ्यावर वाफ आहे.

खरंच, तळहाताएवढा गोल धुरकट डाग. बाहेरून पुसला – जाईना. आतून होता. आमच्या डोळ्यांदेखत तो आकसला, जवळजवळ गेला... आणि परत भरला. पुन्हा तसंच.

ओल राहिली तर कागदाला बुरशी लागेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. टेप फाडली, चुका उपटल्या, काच काढली. लवंगेचा वास आला. तोवर माझा हात फडकं फिरवून मोकळाही झाला होता.

पल्लवी माझ्याकडे पाहतच राहिली. "कायले पुसला बाबा?" म्हणाली. "आई होती न."

मला रडू आवरेना. काच परत बसवून फ्रेम बंद केली आणि मॅडमची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं त्या काचेसमोर बसून होतो. काही आलं नाही.

ओळखीचे एक मास्तर म्हणतात, कागदातला दमटपणा असेल. असेलही. मग बाकीच्या पाच कोरड्या कशा, आणि तो वास कुठला? मला कळलेलं नाही, आता कळेल असंही वाटत नाही.

चित्र तर द्यावंच लागलं. मॅडमना तेवढं सांगून ठेवलं आहे – निळ्यावर वाफ दिसली तर पुसू नका, उघडू नका, आधी मला फोन करा. त्यांना वाटतं, माणूस आपल्या कामाला फार जपतो.

अजून फोन आलेला नाही.