गाडी दोन बोटं खाली

गॅरेजात दोन गोष्टी साचतेत. जळकं ऑइल अन् किस्से. ऑइल न्यायला महिन्यातून एकदा माणूस येतो, किस्से न्यायला कोण येणार? मग ते तुमच्यासारख्यांना चहा पाजून ऐकवावे लागतेत.

सेनगावात माझं गॅरेज. स्पोर्ट बाइक खाली करून देणं ही आपली खासियत. म्हंजे कसं, ह्या गाड्यांचं सीट राहतं उंच, अन् आपल्याकडचे गडी राहतेत बेताचे. सिग्नल न्हाईत आपल्याकडं, पण म्हशी हायेत, थांबावं तर लागतंच! पाय टेकला न्हाई की गाडी अंगावर. मग मी मागच्या शॉकअपची लिंक, म्हंजे लोखंडी पट्टी, बदलतो, पुढचे शॉकअपचे पाइप वर सरकवतो, अन् गाडी दोन बोटं खाली आणतो.

पहिली गाडी राठोड सरांची. तांड्यावरून शाळेत यायचे. सर बसले, दोन्ही टाचा जमिनीला! सर खूश, मी खूश. सरांनी साइड स्टँड लावला अन् उतरले. आता गाडी खाली आली, पण स्टँड तेवढाच लांब राहिला ना! गाडी प्रार्थनेला उभी केल्यासारखी सरळ उभी राहिली, जराशी हलली, अन् पलीकडच्या अंगानं धाडकन पडली.

सर शांतपणे म्हणले, "बंडू, मी गाडी खाली कर म्हणलो व्हतो. आडवी न्हाई!"

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "येड्या, स्टँड बी काप की दोन बोटं!"

हा देविदास. कृषी केंद्रावर कामाला. आमी दोघंबी साखरा गावचे, पहिलीपासून एका बाकावर. त्याची उंची पाच फुटाला जरा कमीच, पण गाडी घेतली ती सगळ्यात उंच. रोज संध्याकाळी यायचा, गॅरेजपुढच्या ओट्याला गाडी भिडवायचा, डावा पाय ओट्यावर, अन् गाडीवरून न उतरता चहा प्यायचा. कोणत्या रस्त्याला कोणता दगड, कोणती पायरी आपल्या पायाला पुरते, हे त्याला पाठ व्हतं. आपल्या गॅरेजात त्याला ओटा पुरायचा.

आजबी स्टँड कापायला घेतला की त्याचा तो आवाज आठवतो.

*

मग एका सोयाबीनवाल्या व्यापाऱ्याचं पोरगं आलं. म्हणलं, "अजून खाली करा, अजून खाली, रस्त्याला चिटकली पाहिजे!" मी दोनदा सांगितलं, ऐकायलाच तयार न्हाई. केली मग. साखऱ्याच्या वाटंवर पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं अन् तिथंच बसली. मागं एसटी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला. शेवटी पाशिंजर उतरले अन् त्यांनी उचलून पलीकडं ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोरगं हजर. "गाडी बराबर झाली हो, काही तकलीफ न्हाई. आता तेवढा गतिरोधक खाली करा!"

देविदास एवढा हसला की ओट्यावरचा पाय निसटला. मी गाडी धरली म्हणून वाचला.

*

दवाखान्यातल्या खिल्लारे सिस्टर आल्या तवा सोबत नवरा व्हता. सहा फुटी गडी, अन् सारखा तोच बोलून राहिला. "हिला भीती वाटते, हिचा पाय पुरत न्हाई, हिला हे जमंल का..."

सिस्टरनं त्याला हातानं बाजूला केलं. "भीती ह्यांना वाटते, मागं बसायची! पाय माझे हायेत भाऊ, माप माझं घ्या."

घेतलं माप. आजवरच्या गिऱ्हाइकात ही एकच बाई, जिनं उंचीचं सांगताना आवाज खाली केला न्हाई. बाकी भले भले गडी कानात येऊन सांगतेत.

देविदास ओट्यावरून सगळं ऐकत व्हता. सारे गेल्यावर हळूच म्हणला, "बंडू, माझी बी करतो का खाली? सिद्धेश्वर धरणाकडं पोरगी पाहायला जायचंय. तिच्या दारात ओटा असंल का न्हाई, काय माहीत."

"उद्या ये," म्हणलो. लिंक बी आणून ठेवली.

*

अन् मग मी जे केलं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी देविदास आला तवा गॅरेजात दहा-बारा जण व्हते, मीच बोलावलेले. मी घरून जेवायचा पाट आणला व्हता, त्याला लाल रिबीन बांधली, अन् साऱ्यांसमोर त्याच्या हातात दिला. "गाडी काहून खाली करतो? ह्याच्यावर उभा राय, तूच वर हो!"

सारे पोट धरून हसले. देविदास सगळ्यात मोठ्यानं हसला. पाट काखेत मारला, अन् चहा न घेताच गेला. मला वाटलं, काय झक्कास किस्सा झाला!

तो पुन्हा आला न्हाई. पोरगी पाहायला एसटीनं गेला, असं मागून कळलं. मी गाडी खरंच करून देणार व्हतो हो. आधी गंमत, मग काम, एवढंच डोक्यात. ती लिंक कप्प्यात पडून हाये अजून. कैकदा फोन काढला, नंबर लावला अन् कट केला. थट्टा करायला जीभ बराबर उचलते, माफी मागायला उचलत न्हाई. लय चुकलं माझं.

पुढं सिमेंटचा रस्ता झाला. गाड्या आत घ्यायला उतार लागत व्हता, म्हणून मी ओटा पाडला.

*

गेल्या उन्हाळ्यातली दुपार. ओळखीच्या गाडीचा आवाज आला. मान वर केली तर देविदास! गॅरेजपुढं गाडी हळू केली, डावा पाय बाहेर काढला, खाली पाहिलं, अन् तसाच पुढं गेला. एसटी स्टँडापासून वळून परत आला. पुन्हा हळू, पुन्हा पाय बाहेर, पुन्हा पुढं. तिसऱ्यांदा माझ्याकडं पाहिलं.

मला वाटलं, गाडी फिरवून दाखवून राहिला, माझ्यावाचून काही अडलं न्हाई म्हणून. डोकं सरकलं माझं. पाठ केली अन् आत निघून गेलो.

दोन आठवड्यांनी समोरच्या चाचाच्या हॉटेलात बसलो व्हतो. चाचानं साखरंचा डबा उचलला अन् मागून एक पत्रिका पडली. वर देविदासच्या अक्षरात माझं नाव. उघडली. लग्न व्हऊन चार दिवस झाले व्हते.

"चाचा, हे कवाचं?"

चाचानं कपाळावर हात मारला. "या अल्ला, भूलच गया मैं! त्या दुपारी तुझ्यापुढं चकरा मारल्या ना, तवा देविदासनं दिली. हितं नालीच्या कठड्यावर पाय ठेवून. मी म्हणलो, समोर तर हाये बंडू, जा की, तूच दे. तर न्हाई म्हणला."

"काहून?"

"म्हणला, तिकडं पाय टेकायला जागा न्हाई ठेवली त्यानं."